टाचणीएवढं भोक

व्हॅनमध्ये रिकामी खोकी साठत जातात, तसे ताईच्या वर्कशॉपमधले किस्से माझ्याकडे साठलेत. ताईला जाऊन दोन महिने झाले. खोकी निदान टाकून तरी देता येतात.

ती बर्मिंगहॅममध्ये जुनी चित्रं दुरुस्त करायची. मी शाळा अर्धवट सोडलेला, ताडमाड उंच. तिनेच मला तिथे ड्रायव्हर म्हणून चिकटवलं.

पहिल्याच आठवड्यात एक फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडचं जुनं चित्र आलं. चर्चचा आतला भाग, खांबांमागे खांब. त्यात टाचणीएवढं भोक. म्हटलं, मदत करू. पुट्टी भरून टाकली! ती कोरून काढण्यात ताईचा अख्खा दिवस गेला. ओरडली नाही. म्हणाली, "गाढवा, चित्रकाराने रेघा आखायला तिथे खिळा ठोकून दोरा बांधला होता. सगळ्या रेघा तिथे जाऊन मिळतात. ते भोक बरोबर डोळ्यासमोर आलं, की चर्च आत खोलवर उघडतं."

साताऱ्याहून आई आली होती. चित्र बघून म्हणाली, देवाच्या दारात कुत्रं कुणी सोडलं? ताईने सांगितलं, चर्च एकाने रंगवलं, माणसं आणि कुत्री नंतर दुसऱ्याने घातली.

आईने आम्हा दोघांकडे पाहिलं. "म्हणजे तुमच्यासारखंच. ही बांधणार, हा कुत्री आणणार."

चित्र पोचवायला निघालो की ताई मागे त्याला धरून बसायची. स्पीड हंपवरून मी व्हॅन दामटली, की चित्राला सॉरी म्हणायची. खरं तर ते मी म्हणायला हवं होतं.

एकदा तिने मला भिंतीला टेकून उभं केलं, भिंतीवर माझ्या डोळ्याशी पेन्सिलने खूण केली आणि टेपने उंची मोजली. माझी व्हॅन बाहेर डबल यलो लाइनवर, म्हणजे थांबलं की दंड. मी वैतागलो, "मी काय कपाट आहे का?" ती हसत आकडा लिहून घेत होती.

ते चर्चचं चित्र गॅलरीत लागलं. ताई म्हणायची, शनिवारी जाऊन ये. मी म्हणायचो, पुढच्या शनिवारी. मग ती हॉस्पिटलमध्ये गेली. तिथे तिने विचारलं, "बघून आलास?"

मी म्हटलं, "हो. मस्त आहे."

"वाकावं लागलं का रे?"

"थोडं."

ती खिडकीकडे बघत राहिली.

परवाच्या शनिवारी गेलो. चित्रासमोर एक आजी टाचा उंचावून उभ्या होत्या. तिथली अटेंडंट म्हणाली, सगळ्यांची हीच तक्रार आहे, फार वर टांगलंय. पण दुरुस्त करणारी बाई ऐकेचना, टेप घेऊन स्वतः आली होती.

आजी गेल्यावर मी पुढे झालो. सरळ उभा राहिलो. एक डोळा मिटला.

वाकावं लागलं नाही.