एक वीत अंतर

त्या रविवारी सकाळी सव्वासात वाजता माझे यजमान सिल्वासाजवळच्या सामरवरणीच्या माळावर पडले. ते गोल्फ खेळत होते. समोर त्यांचे मित्र उभे होते. मीही होते. चेंडू होलपासून एक वीत अंतरावर होता. डॉक्टर आले तेव्हा यजमान गेले होते.

आम्ही पुण्याहून सिल्वासाला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. नव्या कारखान्यात धाग्याची यंत्रं बसवायचं काम यजमानांकडे होतं. त्यांचे हे मित्र नाशिकचे, त्याच कारखान्यात खरेदी सांभाळायचे. मी त्यांना भाऊजी म्हणे. पुण्याच्या कारखान्याच्या मालकांनी निरोप देताना दिलेल्या गोल्फच्या जुन्या काठ्या यजमानांकडे होत्या, आणि देवळालीला लष्कराच्या मैदानावर हा खेळ बघत भाऊजींचं लहानपण गेलं होतं. दोघांनी माळावर तीन होल केले. होल म्हणजे जमिनीत पुरलेला दुधाच्या पावडरीचा डबा. हिरवळ कुठून आणणार? डब्याभोवती बारीक वाळू पसरायची, तीत यंत्रांचं जळकं ऑइल मिसळायचं आणि खेळण्याआधी गोणपाट ओढून सपाट करायचं. यजमानांच्या कपड्यांचा तो वास धुऊन जात नसे. अजूनही गॅरेजसमोरून जाताना माझी पावलं थांबतात, आणि मग मी कशाला थांबले हे आठवावं लागतं.

पुढे केबल आली. शनिवारी दुपारी परदेशातले सामने दाखवत, आणि दोघं आमच्या बैठकीत ठाण मांडून बसत. त्यांनी आपापला खेळाडू निवडला होता. यजमानांचा आडदांड, उन्हाने लाल झालेला. लोक गप्प होण्याआधीच मारून मोकळा व्हायचा, आणि चुकलं की काठी फेकायचा. भाऊजींचा सडपातळ. पावलं मोजायचा, हातमोजा काढून परत घालायचा, आणि पुढे तळं असलं की चेंडू अलीकडेच ठेवायचा.

"बघ लेका, पाणी दिसलं की ह्याला कसा चेव येतो!"

"चेव येतो आणि चेंडू जातो. आमचा बघ, कसा काठावर आणून ठेवला."

"तुझा तो पोस्टात हवा होता. शिक्का मारण्याआधी तीनदा फुंकर घालेल."

"वहिनी, ह्याला चहा देऊ नका. आधीच उकळलाय."

मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचे आणि पुस्तकावरून बघायचे. तो आडदांड माणूस तीनशे पावलांचा फटका हसत मारी, पण चेंडू होलजवळ आला की बदलून जाई. वाके, मागे सरे, पुन्हा वाके. अख्ख्या देहाला कापरं भरल्यासारखं वाटे. सडपातळ खेळाडू तेवढंच अंतर नळ बंद करावा तसं संपवी. धीट माणूस सगळीकडे धीट असतो अशी माझी तोवर समजूत होती.

मग माळावर मला तेच दिसलं. त्या वर्षीपासून हिवाळ्यात मी थर्मास घेऊन सोबत जाऊ लागले. चेंडू होलच्या अगदी जवळ असला तर समोरच्याने तो सोडून द्यायचा, म्हणजे पडलाच असं समजायचं, अशी ह्या खेळात रीत आहे. हे दोघं त्यासाठी "दिला" म्हणत. भाऊजींना कुणी दिला काय, न दिला काय, ते शांतपणे जाऊन मारत. यजमानांना मात्र ते हातभर अंतरावरूनही देत. यजमानांनी जवळच्या फटक्याची काठी हातात घेण्याआधीच "दिला" ऐकू येई. महिन्याभरात मला कारण कळलं. मी ते मनात ठेवलं.

पुढे बरीच वर्षं ते तिथेच राहिलं. मग एका संध्याकाळी जेवताना यजमान मित्राची चेष्टा करत होते. "आयुष्यात एकदा माळावरच्या डबक्यावरूनसुद्धा मारलं नाही पठ्ठ्याने. इतकी वर्षं माझ्याकडून हरतोय."

मी ताटाशेजारच्या पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "हरतात, कारण ते तुम्हाला देतात. तुमचा हात थरथरतो, तो त्यांना दिसतो."

मला दुखवायचं नव्हतं. चुकीचं काही कानावर आलं की ते दुरुस्त करायची खोड मला आहे. यजमानांनी घास खाली ठेवला.

"तुला कधीपासून दिसतोय?"

"माळावर सोबत आले त्या पहिल्या हिवाळ्यापासून."

त्यांनी जेवण पुरं केलं. पुढच्या रविवारी माळावर त्यांनी भाऊजींना सांगितलं, "आजपासून द्यायचा नाही. माझी शपथ आहे."

"अरे, वीतभर अंतरात काय खेळायचं?"

"वीतभर असो नाहीतर बोटभर."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतत राहिले.

यजमान पडले तो रविवार त्यानंतरचा तिसरा. यजमान वाकले, मागे सरले, पुन्हा वाकले. भाऊजींचं तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा यजमान त्या काळ्या वाळूवर बसत होते.

डॉक्टर म्हणाले, हे घरी झालं असतं, ऑफिसात झालं असतं, कुठेही झालं असतं. ते मला पटतं. मरण टळणारं नव्हतं. पण शेवटचं मिनिट वेगळं झालं असतं. त्यांनी चेंडू उचलला असता, मित्राला काहीतरी टोमणा मारला असता. त्याऐवजी आयुष्यभर लपवलेल्या भीतीत ते उभे होते, आणि बघणाऱ्या दोघांनाही ती माहीत होती, हे त्यांना ठाऊक होतं. अजून कधी भाजी चिरताना, कधी पान उलटताना ते मला पुन्हा वाकलेले दिसतात. ते मारत नाहीत.

पुढचं वर्षभर भाऊजी दर रविवारी येत आणि एकच बोलत. "मी 'दिला' म्हणायला हवं होतं." भेटायला आलेले लोक त्यांची समजूत काढत. मी म्हणे, "तुमचा काय दोष?" आणि चहा टाकायला उठे. त्याच्या पुढचं वाक्य तोंडातून निघत नसे.

मग त्यांनी नाशिकची नोकरी धरली. निरोप घ्यायला आले, आणि ते दारात बूट घालत असताना मी राहिलेलं वाक्य बोलून टाकलं. "भाऊजी, ती शपथ माझ्यामुळे होती. हात थरथरण्याचं मी बोलले त्यांना."

ते नाडी बांधत राहिले. त्यांचं सगळं सावकाशच.

"माहीत आहे, वहिनी. शपथ घातली त्याच दिवशी सांगितलं त्याने. म्हणाला, बायकोने पकडलं मला."

"मग वर्षभर तुम्ही स्वतःलाच का…"

"शपथ मी घातली असती, तर त्याने माझ्यासाठी ती पहिल्याच रविवारी मोडली असती. मला ते जमलं नाही." ते उठले. "येतो."

माळावर आता घरं झाली आहेत. मी सिल्वासातच राहिले, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, निवृत्त झाले. दिवाळीला नाशिकहून पत्र येतं. मी उत्तर पाठवते. त्यात आम्ही तब्येतीचं आणि वाचलेल्या पुस्तकांचं लिहितो.