ग्रहणाच्या चार महिने आधी

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकटीने विचारलं, की काकांच्या मिशीत मधेच एक रेघ का आहे, तिथे केस का उगवत नाहीत. मी म्हणाले, ती जन्मापासून आहे, आणि लगेच तुमच्याकडे बर्फ पडला का ते विचारलं. विषय बदलायची मला जुनी सवय आहे. म्हणून हे लिहून पाठवते आहे. दोघांनी मिळून वाचा.

तुमचे हे काका म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा मुलगा. तो पोटात होता तेव्हा आरमोरीत आम्हा सगळ्यांचं एकच घर होतं, एकच चूल होती, आणि चुलीवर माझ्या सासूबाईंची सत्ता होती; जाऊ त्यांना आत्याबाई म्हणायची. शेतात धान होतं आणि मी बारावीच्या मुलामुलींना जीवशास्त्र शिकवत होते, इंग्रजीतून. घरात या इंग्रजीचं कौतुक कमी आणि टोमणे जास्त. माझी जाऊ तेवढी प्रेमाने चिडवायची. माझे डबे, माझ्या वह्या, सगळं ओळीने लावलेलं असायचं. ती म्हणायची, "बाईच्या घरी मीठबी रोल नंबरनं बसते."

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. मी प्रॅक्टिकलच्या जर्नल्सचा गठ्ठा घेऊन घरी आले होते. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. टोपलीत वास्ते होते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते पातळ चिरून पाण्यात ठेवावे लागतात, नाहीतर कडू लागतात. मी जावेला म्हणाले, "तेवढे चिरून ठेवशील का? मला हे तपासायचं आहे."

ती म्हणाली, "बाई, आज गिरान हाय म्हणते."

"एवढ्या ढगात कुठे दिसतं आहे ग्रहण? बस खुशाल."

ती पावशीवर बसली. पावशी म्हणजे तुमच्या आईच्या भाषेत विळी. तिचं पोट पुढे आलं होतं, त्यामुळे तिला वाकताना त्रास होत होता, आणि मी मान खाली घालून जर्नल्सवर सह्या करत होते. तिला चिरायला सांगितलं यात मी काही वाईट केलं नव्हतं. वाईट मी पुढे केलं.

बाळ झालं तेव्हा त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, नागपूरला ऑपरेशन होतं, नीट होईल. सासूबाईंनी ते ऐकलंच नाही. त्यांनी खाटेपाशी उभं राहून विचारलं, "गिरानात कापलं काई?"

जाऊ म्हणाली, "वास्ते चिरले."

"दोन जिवाची बाई अन् गिरानात पावशीवर बसली. कोणं सांगितलं तुले?"

मी दारात उभी होते, हातात चहाचा थर्मास. तिने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मग म्हणाली, "कोणंच नाई. माह्याच मनानं बसली."

मी कपात चहा ओतला.

आता मला तेव्हा काय माहीत होतं ते सांगते, कारण त्याशिवाय माझी चूक केवढी ते तुम्हाला कळणार नाही. आईच्या पोटात जीव सुरू होतो तेव्हा तो एकच पेशी असतो. पहिले दोन-तीन दिवस त्याला स्वतःचं काहीच चालवता येत नाही. आईने बीजांडात आधीच भरून ठेवलेल्या प्रथिनांवर आणि निरोपांवर तो चालतो. घरून निघताना बांधून दिलेल्या शिदोरीसारखं. चार-आठ पेशी झाल्या की शिदोरी संपत येते आणि त्याची स्वतःची जनुकं जागी होतात. जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात, पण सगळी एकदम बोलत नाहीत. काही जनुकांपासून अशी प्रथिनं बनतात की त्यांचं काम दुसऱ्या जनुकांवर जाऊन बसणं, एकाला आता बोल म्हणणं, दुसऱ्याला गप्प ठेवणं. त्यातूनच बाहेरच्या पेशी वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या, कामाला लागतात आणि आतल्यांपासून बाळ घडतं. पुढे काही प्रथिनं एका पेशीतून झिरपून शेजारच्या पेशींकडे जातात. जवळच्यांना जास्त मिळतं, लांबच्यांना कमी, आणि किती मिळालं यावरून पेशीला समजतं की आपण कुठे आहोत आणि आपल्याला काय व्हायचं आहे.

चेहरा एकसंध वाढत नाही. दोन्ही बाजूंनी उंचवटे सरकत येतात आणि नाकाखाली एकमेकांना जुळतात. निरोप उशिरा पोचला किंवा अपुरा पडला तर ते जुळणं राहून जातं. कधी जनुकात फरक असतो, कधी आईच्या आहारात काही कमी पडलेलं असतं, कधी एखादं औषध नडतं, आणि पुष्कळदा कारण कोणालाच सांगता येत नाही. पण वेळ सांगता येते. ओठ दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत जुळतो, नाहीतर जुळत नाही. त्यानंतर आईने पावशी धरली काय आणि न धरली काय.

यातलं पेशींतल्या निरोपांचं बरंच मी पुढे वाचत गेले. पण ओठ कधी जुळतो ते मला पहिल्यापासून माहीत होतं. मी ते फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवायची. शिवाय जावेला दवाखान्यात मीच नेत होते, त्यामुळे तिची पाळी चुकल्याची तारीख माझ्या वहीत होती. त्या रात्री मी बोटांवर मोजलं. ग्रहणाच्या दिवशी तिला सव्वीस आठवडे झाले होते. जे राहायचं होतं ते चार महिने आधीच राहून गेलेलं होतं.

मी बोलले नाही. बोलले असते तर सासूबाईंनी विचारलं असतं की तुला एवढी काळजी का, आणि मग वास्ते कोणी चिरायला सांगितले ते निघालं असतं. शिकलेल्या सुनेने लहान सुनेच्या पोराचं वाटोळं केलं, असं गावभर झालं असतं. मला वाटलं, ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. ऑपरेशन झालं. मग वाटलं, पोरगा बोलायला लागू दे. तो छान बोलायला लागला, सासूबाई गेल्या, घरं वेगळी झाली, मधे कंबरेएवढी भिंत आली. त्या भिंतीवरून आम्ही रोज भाजीची वाटी एकमेकींकडे द्यायचो. मी कधीच सांगितलं नाही.

तिने दुसरं मूल होऊ दिलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "एकाचं खराब केलं तेवढं पुरे." कोणाच्या डोहाळजेवणाला गेली की मागच्या रांगेत बसायची आणि ओटी भरायला उठायची नाही. आणि प्रत्येक ग्रहणात, पोटात काही नसताना, दोन्ही हात मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसायची, ग्रहण सुटेपर्यंत. मी हे माझ्या खिडकीतून पाहत होते.

यंदा तिची सून गरोदर आहे. संध्याकाळच्या ग्रहणाची बातमी आली तशी जावेने पावशी, चाकू, कात्र्या, नेलकटर, सगळं कपाटात घालून कुलूप लावलं. मी गेले तेव्हा सून खाटेवर बसली होती.

"काकू, तुमीच सांगा यायले. मोबाईलचा चार्जरबी लावू देऊन नाई राह्यल्या. त्याले कोणती धार हाय?"

"धार नसन," जाऊ म्हणाली. "पण टोचते तं."

ती हसली नाही. किल्ली कमरेला खोचून ती दोन्ही हात मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसली. ते हात पाहून मी परत घरी आले, ट्रंकेतून त्या वर्षीची वही काढली आणि तिच्यासमोर जाऊन बसले. तारखा वाचून दाखवल्या. ओठ कधी जुळतो ते सांगितलं. सूनही ऐकत होती.

जाऊ म्हणाली, "इंग्रजीत नका सांगू."

"मराठीतच सांगते आहे. तू पावशीवर बसलीस तेव्हा त्याचा ओठ होऊन चार महिने झाले होते. तुझ्या हातून काही झालं नाही."

तिने वही हातात घेतली. तिला माझं अक्षर लागतं. तारखांवरून बोट फिरवत तिने ते पान वाचलं.

"हे तुमाले तवाच माहीत होतं?"

"हो."

"दवाखान्यात? चहा देल्ला तवा?"

"तारखा त्या रात्री मोजल्या. बाकीचं माहीत होतं."

"कॉलेजातल्या पोरींले सांगत होत्या?"

"दरवर्षी."

"पोरींले सांगितलं," ती म्हणाली. "मी तुमचं नाव घेतलं नाई, बाई. आत्याबाई मरेपर्यंत इचारत होत्या. एकदाबी नाई घेतलं."

मी म्हणाले, "माहीत आहे."

तिने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि सुनेला म्हणाली, "जा, लाव तुहा चार्जर." मग पावशी घेऊन खाली बसली आणि वांगी चिरायला लागली. बाहेर ग्रहण चालूच होतं. ती सावकाश चिरत होती, एकसारख्या फोडी. माझ्याकडे पाहिलं नाही. मी वही उचलून घरी आले.

याला तीन आठवडे झाले. ती बोलते, म्हणजे विचारलं तर उत्तर देते. सून बाहेर मोकळी हिंडते, परवा तिने माझ्यासमोर कैरी कापून खाल्ली. काकांना त्यांच्या आईने काय सांगितलं ते मला माहीत नाही, विचारायची हिंमत झाली नाही. तुम्ही त्यांना रेघेबद्दल विचारलंत तर जे इथे लिहिलं आहे ते सगळं सांगा, वास्ते कोणी चिरायला सांगितले तेही.

भिंतीवरून वाटी येत नाही. तिची शेवटची वाटी माझ्याकडेच राहिली होती. ती घासून, पुसून, वांग्याची भाजी भरून मी काल भिंतीवर ठेवली. आज सकाळी पाहिलं तर तशीच होती. ती आत आणून भाजी काढून टाकली, वाटी पुन्हा घासली. आज दोडक्याची केली आहे. भरून ठेवते.