नेबोवाले काका

जपानातल्या आमच्या निशी-कसाईत कचरा टाकायला इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा माणूस आजवर एकच झाला, तो म्हणजे आमच्या शेजारच्या अनघाचे सासरे. पुण्यात वीज खात्यात उभी हयात गेली, पण जीव अडकला तो शब्दांच्या कुळकथांत. त्यांच्याकडे चहाला जावं, तर कपातला चहा निवून जायचा आणि आपण ‘चहा’ या शब्दामागोमाग चीनमध्ये पोचलेलो असायचो! काकू गेल्यावर मुलाने त्यांना इथे आणलं खरं, पण घरात ऐकायला सवड कोणाला? मुलगा-सून ऑफिसात, आणि नात प्रत्येक प्रश्नाला जपानीत उत्तर देऊन मोकळी.

अशात त्यांना तळमजल्यावरच्या आजीबाई भेटल्या. सर्बियाहून लेकीकडे राहायला आलेल्या. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती. सकाळ धुक्याची होती. कावळ्यांपासून कचरा वाचवायला पिशव्यांवर पसरलेल्या जाळीपाशी काकांनी सहज वर बोट केलं, “नभ.” बाई म्हणाल्या, “नेबो.” झालं! काका धापा टाकत माझ्या दारात.

“अहो, सर्बियात नेबो, पोलंडात न्येबो, चेक लोकांत नेबे, आणि आपलं नभ! चुलत भावंडं आहेत ही. मुळात अर्थ धुकं, ढग. माणूस ढगांकडे बघत राहिला आणि बघता बघता त्याचं आभाळ झालं.”

हे सांगताना ते माझ्याकडे बघतच नव्हते. कठड्यापलीकडच्या धुक्यात कुठेतरी हरवले होते.

मग काकांना रोज कचरा टाकायची हुक्की येऊ लागली. इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला. काका मुद्दाम बाटल्या भलत्याच वारी ठेवायचे. गाडीवाले पिशवीला चिठ्ठी चिकटवून ती तशीच सोडून जात. ती परत आणायला काका पुन्हा खाली, आणि आजीबाईही नेमक्या तिथेच! दोघं आपली वर बघत उभी. शेवटी इमारतीच्या व्यवस्थापकाने कमरेत वाकून, स्वतःच माफी मागत तक्रार केली. अनघा लाजेने अर्धमेली झाली.

“बाबा, उद्यापासून तुम्ही कचऱ्याला हात लावायचा नाही.”

काका “बरं” म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी एकाही शब्दाचं कूळ काढलं नाही. मला ते बघवेना. एका सकाळी मी त्यांचं दार वाजवलं.

“काका, माझी कंबर धरलीय. माझा कचरा टाकून याल का? वार बरोबर आहे हं.”

त्यांनी माझ्या धडधाकट कमरेकडे पाहिलं, मिश्कील हसले आणि शर्ट बदलायला आत गेले. पुढे माझी कंबर रोजच धरायला लागली.

व्हिसा संपला तसे काका पुण्याला परतले. दुसऱ्या दिवशी जुने पेपर घेऊन मीच खाली गेले. आजीबाई जाळीपाशी उभ्या होत्या. वार कागदाचा, आणि त्यांच्या हातात बाटल्या! म्हणजे या खेळात काका एकटे नव्हते तर. त्यांनी माझ्या मागे, जिन्याकडे पाहिलं. मी हाताने विमान उडवून दाखवलं. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या.

“नेबो,” हळूच म्हणाल्या.

काकांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

“नभ,” मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातल्या बाटल्या घेऊन जाळीखाली ठेवून दिल्या.