मिरचीच्या तोंडावर मास्क

वृद्धाश्रमात तिला सगळे मिरची म्हणत. समोर नाही हं, पाठीमागे. समोर म्हणण्याची छाती कोणाची नव्हती. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, भरवणं, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलणं ही तिची कामं, आणि ही सगळी कामं ती ओरडत करायची. "पाय उचला, दगड बांधलेत का पायाला?" "गिळा तो घास, तोंडात काय अंडी उबवताय?" हात मात्र इतका हलका की पाठीच्या जखमेला मलम लावून झालं तरी माणसाला कळायचं नाही. पण हाताचं कौतुक कोण करतो? नाव झालं ते जिभेचं.

मग आश्रमात तापाची साथ शिरली. मोठ्या सिस्टरनी सगळ्यांना गोळा करून बजावलं, म्हाताऱ्यांच्या खोलीत जाताना मास्क हवाच, तोही नाकापासून हनुवटीपर्यंत. मिरचीनं घरी ही बातमी सांगितली तेव्हा नवऱ्यानं आकाशाकडे बघून हात जोडले. "शेवटी कोणाला तरी माझी दया आली," म्हणाला. सून पदराआड हसली. त्या रात्री दोघांनाही भाजीत मीठ मिळालं नाही.

सिस्टरचा दुसरा नियम जास्त जाचक होता. मास्कमुळे चेहरा दिसत नाही, म्हातारी माणसं बिचकतात, तेव्हा सगळ्यांनी सावकाश, स्पष्ट आणि गोड बोलायचं. 'गोड' म्हणताना त्या सरळ मिरचीकडेच बघत होत्या. मिरचीनं मनावर घेतलं. एकदा मनावर घेतलं की ती मागे हटणाऱ्यातली नव्हे.

मास्कचं कौतुक म्हाताऱ्यांना वेगळंच. कोपऱ्यावरच्या खोलीत एक म्हातारे शिंपी होते. त्यांनी आधी आपल्याला मिळालेल्या मास्कची शिवण तपासून नाक मुरडलं. मग गप्प बसलेले असताना ते मास्क इमानेइतबारे तोंडावर ठेवत, आणि खोकायची वेळ आली की अडचण नको म्हणून खाली ओढत. मिरचीनं त्यांना "आजोबा, तेवढं वर घ्याल का?" असं मधाळ आवाजात विचारलं, तेव्हा शिंपीबुवांना खोकल्यापेक्षा त्या आवाजाचीच धास्ती बसली.

खरा पेच शेजारच्या खोलीत होता. तिथे राणीसाहेब राहायच्या. कुठल्या राज्याच्या नव्हेत, तोऱ्यावरून पडलेलं नाव. त्या पोटचा मुलगा विसरल्या होत्या, स्वतःचं वय विसरल्या होत्या, पण जेवायच्या फक्त मिरचीच्या हातानं. आणि आता मास्क लावलेली मिरची सूप घेऊन आली, की ओठ घट्ट मिटून बसायच्या.

"चार चमचे घ्या ना राणीसाहेब. बरं वाटेल."

"तू कोण गं?"

"मी. रोजची."

"रोजचीला मी ओळखते. तू कुठली?"

सिस्टरनी डोकं चालवून मिरचीचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून तिच्या छातीवर लावला. राणीसाहेबांनी तो नीट निरखला आणि विचारलं, "सापडली का ही?" मग मिरची बागेत गेली, बंद खिडकीबाहेर उभी राहून मास्क काढून हसली. आतून राणीसाहेबांनी हात हलवला. मिरचीला हायसं वाटलं. पण मास्क चढवून, इमारतीला वळसा घालून, धापा टाकत ती खोलीत पोचेपर्यंत राणीसाहेब खिडकी, हसू, हात, सगळं विसरून गेल्या होत्या.

पोटात अन्न नाही. दूध नाही, सूप नाही, घोट घोट पाणी तेवढं. डॉक्टर म्हणाले, आज नाही खाल्लं तर उद्या हॉस्पिटल, आणि नाकातून नळी. मागच्या खेपेला राणीसाहेबांनी नळी उपसून काढली होती, तेव्हा तिथे त्यांचे हात खाटेला बांधले होते. बांधलेल्या हाताच्या बोटांनी त्या चादरीची कड चाचपत होत्या. ते मिरचीच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

दुपारी ती वाटी घेऊन बसली. खोलीत दोघीच. दोन मिनिटं मास्क खाली घेतला तर कोण बघतंय? हात कानामागच्या दोरीपर्यंत गेला. पण सकाळपासून शिंपीबुवा तापानं फणफणले होते, त्यांचं अंग तिनंच पुसलं होतं, आणि तिच्या स्वतःच्या घशातही काहीतरी खवखवत होतं. तिनं हात खाली घेतला. आवाजात आणखी साखर घातली. "घ्या ना हो, माझ्यासाठी."

राणीसाहेबांनी चमच्याला फटका मारला. चमच्यातलं सूप सगळं धुतलेल्या चादरीवर.

तिथे मिरचीचा बांध फुटला. "काय चालवलंय काय! आत्ता बदलली होती ही चादर! धुवायला तुमचे तीर्थरूप येणारेत का? गोड बोलून बोलून माझी जीभ झडायची वेळ आली! करा आ! आ करा म्हणते ना!"

पॅसेजमधून सिस्टर धावत आल्या आणि दारातच थबकल्या. राणीसाहेबांनी आ केला होता.

एक चमचा गेला. दुसरा गेला. मग वाटीवरून नजर न काढता राणीसाहेबांनीच दरडावलं, "होतीस कुठे तू?"

"इथेच होते."

"खोटं बोलू नकोस. इथे दुसरीच एक बाई यायची. फार गोड बोलायची. मला बाई भीतीच वाटली."

"भीती कसली त्यात?"

"म्हटलं, आता आपण मरणार. मरणाऱ्याशीच बोलतात गं इतकं गोड."

मिरचीचा चमचा हवेतच राहिला. जन्मभर या जिभेपायी नवऱ्याचे टोमणे खाल्ले, सुनेचं हसू सोसलं, आणि इथे कोणीतरी तिच्या ओरडण्याच्या आधारावर जगत होतं. तिला भरून आलं. "मरतंय कोण?" ती कशीबशी खेकसली. "अर्धी वाटी उरलीय अजून, ती काय मी पिऊ?"

डोळ्यांतलं पाणी मास्कमध्ये उतरलं. ओला मास्क कुचकामी, तो ताबडतोब बदलायचा असतो. मिरचीनं मान वळवली आणि दारातल्या मोठ्या सिस्टरवरच ओरडली, "बघत काय उभ्या राहिलात? दुसरा मास्क आणा!"

सिस्टर मुकाट्यानं मास्क आणायला गेल्या.