वाल्फ्रिदने रंगवलेलं रान

आमच्या शेजारचा वाल्फ्रिद लाकूडतोड्या. आठवडाभर रानात झाडं पाडायची आणि रविवारी प्लायवूडवर तीच पुन्हा उभी करायची. गावात घराघरांत सोफ्याच्या वर त्याचं एकेक रान टांगलेलं. मी एकदा म्हटलं, "माझ्या चित्रात अस्वल घाल की रे." तर म्हणाला, "अस्वल एका जागी थांबत नाही. तू बैस हवं तर!"

त्याची एकुलती लेक इर्या. वसंतात तळ्यावरचा बर्फ कच्चा झाला होता, त्यातून खाली गेली. आमच्याकडे शवपेटी चर्चकडे नेताना वाटेत एका पाइनपाशी थांबतात, त्याच्या खालच्या फांद्या तोडतात आणि खोडावर गेलेल्याचं नाव कोरतात. मेलेलं माणूस घराकडे परत निघालं, तर तिथं आपलं नाव वाचून थांबतं म्हणे. मला जितेपणी वाचायला वेळ लागतो, मेल्यांना कसं जमतं देव जाणे. इर्याच्या झाडाच्या फांद्या वाल्फ्रिदनंच तोडल्या. कुऱ्हाड दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही.

पुढे गावातल्या मोठ्या घरच्या जमीनदारानं त्या पाइनभोवतीचं आपलं रान लाकडासाठी विकलं. सगळी झाडं जाणार होती, इर्याचंसुद्धा.

वाल्फ्रिदची बायको लेम्पी रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "म्हाताऱ्या, झाड गेलं तर पोर थांबेल कुठं? तू ते चित्रात काढ. जसंच्या तसं."

तो हिवाळाभर रंगवत होता. कुणालाही बघू देईना. तिकडे रान पडलं, ओंडके गेले, नुसते खुंट उरले. मग एका रविवारी त्यानं चित्र स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवलं. मी कॉफीला गेले होते.

काय रान होतं! शेवाळ, बर्फ, झाडांमधला तो निळा उजेड. आणि मधोमध इर्याचा पाइन. फांद्या पार जमिनीपर्यंत, खोडावर एक अक्षर नाही.

लेम्पीनं खोडावर बोट टेकवलं. "हे कुणाचं झाड?"

"तिचंच."

"तिच्या झाडाला खाली फांद्या नाहीत."

"होत्या," वाल्फ्रिद म्हणाला. "आधी होत्या."

"अरे वेड्या, नाव नाही दिसलं तर ती तशीच चालत राहील. थंडीत."

"घरी येईल की मग."

"आणि आपण गेल्यावर? दार कोण उघडेल तिला?"

मी कपाकडे बघत बसले.

लेम्पीनं मासे साफ करायचा सुरा घेतला आणि खालची फांदी खरवडायला लागली. फळी भिंतीवरून घसरत होती. रंगाच्या सालपटांनी जमीन हिरवी झाली.

वाल्फ्रिद उठला. मला वाटलं, सुरा हिसकावणार.

तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि फळी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून राहिला. लेम्पीनं खोडावर इर्याचं नाव कोरेपर्यंत.