परावलंबी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — सुहासला, माझ्या नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते. पण मान खाली घालून नाही.

वीसेक वर्षं झाली. आम्ही लंडनजवळ पिनरला राहायचो. सासूबाई सांगलीहून आमचं बाळ सांभाळायला आल्या होत्या, म्हणून मी हॉस्पिटलात वॉर्डवर परत रुजू होऊ शकले. अशात ब्रसेल्सला माझ्या नणंदेचे, मंजिरीचे दिवस भरत आले. लेकीचं बाळंतपण आईनं करायचं — त्यात विचारायचं काय? सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळायला घेतलेसुद्धा.

आणि माझं बाळ कुणी बघायचं? हा प्रश्न घरात माझ्याशिवाय कुणालाच पडला नाही.

नियम सोपा होता. आम्ही दोघं ब्रिटिश, आणि ब्रिटन तेव्हा युरोपियन युनियनमध्ये. आमच्यावर अवलंबून असलेल्या आईला आमच्यासोबत ब्रसेल्सला जायला व्हिसा झटपट मिळायचा. नाहीतर आठवडेच्या आठवडे वाट बघा. सासूबाईंना पेन्शन होती, पण तुटपुंजी. घरभाडं, औषधं, सगळं सुहासच पाठवायचा.

बेल्जियमच्या वकिलातीत मीच त्यांना घेऊन गेले. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘इज शी डिपेंडंट ऑन यू?’ सासूबाईंना ते इंग्रजी कळेना, त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘सुहास तुमचं सगळं बघतो ना?’ असं विचारलं असतं तर त्या कौतुकानं हो म्हणाल्या असत्या. मी काय विचारलं?

‘आई, त्या विचारताहेत, तुम्ही परावलंबी आहात का?’

जन्मभर शाळेत स्वावलंबन शिकवलेली बाई ती! ‘छे गं! माझी मला पेन्शन आहे. सांग त्यांना.’

सांगितलं — शब्द न् शब्द. खोटं कुठे बोलले? पण तो शब्द मला तिथे सुचला नव्हता. येताना ट्रेनमध्येच ठरवला होता.

अर्ज साध्या रांगेत गेला, आणि व्हिसा यायच्या आत मंजिरीचं सिझेरियन झालं. परक्या गावात, जवळ आपलं बाईमाणूस नाही. वाईट वाटलं का? वाटलं. पुन्हा तशी वेळ आली तर? तोच शब्द वापरीन — असं मी अजूनही म्हणते.

पण त्या संध्याकाळी सासूबाई फोनवर हमसून रडत होत्या; तो नियम एव्हाना त्यांना सुहासकडून कळला होता. ‘माझाच ताठा नडला गं, मंजू. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?’

मी दारातच उभी होते. माझं एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी फोन ठेवेपर्यंत थांबले, बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि ड्युटीवर गेले.