तळं कुठल्या तालुक्यात?

स्पर्धा परीक्षा करणाऱ्या माणसाकडे नोकरी नसते, बहुतेक वेळा लग्नही झालेलं नसतं, पण किस्से मात्र पोत्यानं असतात. जाहिरात निघायला दोन वर्षं, परीक्षा व्हायला एक, निकाल लागायला आणखी एक. एवढ्या काळात माणूस नुसता अभ्यास तरी किती करणार? काहीतरी घडतंच.

हे किस्से सांगताना आम्ही हसतो. पण घडत होते तेव्हा कुणीच हसत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मी तर जातिवंत भित्रा. हॉलतिकीट डाऊनलोड करतानासुद्धा मी डोळे मिटून घेतो.

आमची अभ्यासिका सांगलीत. मालक नाना, फौजेतून रिटायर झालेले. मेघा साताऱ्याची, मी इस्लामपूरचा. आणि सर्जेराव आटपाडीकडचा, धनगराच्या घरातला. रोज संध्याकाळी पाचला चहा, आणि चहाबरोबर सामान्य ज्ञानाची उजळणी. प्रश्न मी विचारायचे, ज्याचं उत्तर चुकेल त्यानं कप विसळायचे. म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. मास्तर स्वतः एकाही भरतीत लागलेला नाही, हा भाग वेगळा.

यातला सर्जेराव नीट लक्षात ठेवा. त्याला वनरक्षक व्हायचं होतं. त्याच्या वडिलांना आयुष्यभर फॉरेस्टच्या माणसांनी मेंढरांसकट रानातून हुसकलं. सर्जेराव म्हणायचा, "तीच खाकी घालून एकदा बापाम्होरं हुबं ऱ्हायाचं हाय. मग म्या कुनाला हुसकीन का न्हाई, त्ये नंतर बघू." आणि त्याचं वय संपत आलं होतं. ही भरती हुकली की पुढच्या जाहिरातीला तो फॉर्मही भरू शकणार नव्हता.

*

सर्जेरावचा हॉलतिकिटावरचा फोटो जत्रेच्या दिवशी काढलेला. फॉर्म भरायची मुदत त्याच दिवशी संपत होती, त्यामुळे कपाळभर भंडारा लावलेल्या अवतारातच तो फोटो स्टुडिओत गेला. परीक्षेला मात्र तोंड स्वच्छ धुऊन, पावडर लावून हजर.

दारावरच्या मॅडमनी फोटो बघितला, ह्याच्याकडे बघितलं. "हे तुम्ही नाही."

सर्जेराव घाबरून पांढराफटक पडला. त्यामुळे तर तो फोटोपासून आणखीच लांब गेला. शेवटी आधार कार्ड, पॅन कार्ड, सह्या असं सगळं झालं आणि गेट बंद व्हायला चार मिनिटं असताना त्याला आत सोडलं.

तेव्हापासून तो प्रत्येक परीक्षेला खिशात भंडाऱ्याची पुडी ठेवायला लागला. साहजिकच पुढच्या परीक्षेला झडतीत ती सापडली. हवालदारानं पुडी उघडली, वास घेतला, साहेबाला हाक मारली. साहेबांनी आणखी दोघांना बोलावलं. घामाघूम झालेल्या सर्जेरावनं तिथंच कपाळावर हळद फासली आणि हॉलतिकीट पुढे धरलं.

साहेब म्हणाले, "आता पटली ओळख. पण एवढं घाबरायला काय झालं? फोटोत तर हसताय."

*

नाना आमच्यावर सारखे ओरडायचे. "इतना क्या डरते हो? आमी बॉर्डरवर तीन-तीन दिवस बिगर झोपंचं काढल्यात."

एकदा मेघा म्हणाली, "नाना, तुम्ही एक सराव पेपर सोडवून दाखवा ना. सोपा देते."

नाना चष्मा लावून ऐटीत बसले. पहिली पाच मिनिटं पेन चाललं. मग ते थांबलं. मग नाना एकाच प्रश्नाकडे बघत राहिले. दहाव्या मिनिटाला त्यांनी पेपर उलटा ठेवला आणि उठले.

"काय झालं नाना?"

"तिकडं समोर चार असले तर चारी दुश्मन असायचं," नाना म्हणाले. "हितं म्हनं चारातला एक आपला हाय. असल्या ठिकानी मानसानं झोपावं कसं?"

तेव्हापासून नाना आम्हाला ओरडले नाहीत.

*

एकदा कराडच्या सेंटरला आमचा ऑनलाइन पेपर होता. पाऊण तास झाला असेल, टेबल थरथरलं. मॉनिटर हलला, खिडक्यांची तावदानं वाजली. कोयनानगर तसं जवळच, त्यामुळे असले धक्के इकडे कुणाला नवीन नाहीत. पण तिसऱ्या मजल्यावर बसलेलं असताना ते फार वेगळं लागतं.

पर्यवेक्षक ओरडले, "सगळे बाहेर पडा," आणि ते स्वतः पडलेसुद्धा.

आम्ही स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलं. ते चालूच होतं. ते चालू होतं म्हणून आम्हीही बसून राहिलो. शंभरेक माणसं, एका हातानं टेबल धरून दुसऱ्या हातानं माऊस हलवत होती. मी नद्यांच्या उगमाचा प्रश्न सोडवत होतो. तो चुकला.

धक्का थांबल्यावर पर्यवेक्षकांनी दारातून आत डोकं घातलं आणि विचारलं, "सगळे ठीक आहात ना?"

कुणीही उत्तर दिलं नाही.

बाहेर आल्यावर मेघा म्हणाली, "कोण देणार उत्तर? निगेटिव्ह मार्किंग होतं."

*

सर्जेरावला मुलगी बघायला तो आणि मी गेलो होतो, खानापूर भागात. पोहे झाले. मुलीचे मामा माध्यमिक शिक्षक निघाले. सर्जेरावच्या तोंडचं पाणी तिथंच पळालं.

मामांनी सुरुवात केली. राज्याचा प्राणी कोणता, घटनेतली परिशिष्टं किती, सांगली जिल्ह्यातले तालुके उत्तरेकडून दक्षिणेकडे सांगा. सर्जेरावनं सगळं घडाघडा सांगितलं. माझी छाती फुगली. मास्तर म्हणून माझाही थोडा वाटा होताच की त्यात. मामांनी तब्बल वीस प्रश्न विचारले आणि वीसही बरोबर आले. आतल्या खोलीतून कुणीतरी कौतुकानं काहीतरी बोललेलंही ऐकू आलं.

मग मामांनी पानाला चुना लावत एकविसावा विचारला. "येवढं सगळं येतंय, तर लागला का न्हाईसा आजून?"

परतीच्या एसटीत सर्जेराव सांगलीपर्यंत गाईडाची पानं उलटत बसला.

*

हा किस्सा मेघाचा, आणि यात हसण्यासारखं थोडंच आहे.

तिच्या आईला अचानक चक्कर आली, छातीत दुखायला लागलं. मेघा साताऱ्याला घरीच होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सिस्टर कागद भरत होत्या. नाव, वय, पत्ता.

"ब्लडग्रुप?"



मेघा आम्हाला नंतर सांगत होती, "रक्तगटाचा शोध कुणी लावला, सांगता आलं असतं. कुठल्या देशाचा, तेही. सर्वयोग्य दाता कोण, सर्वयोग्य ग्राही कोण, सगळं पाठ. आणि माझ्या आईचा कुठला, ते मला माहीत नव्हतं. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या आणि मी मनात पर्याय काढत बसले होते."

आई चार दिवसांत बरी होऊन घरी आली. मेघा सांगलीला परतली त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे गाईड उघडलं, तर ती म्हणाली, "आज मी विचारते." आणि तिनं प्रत्येकाला आईवडिलांचा रक्तगट विचारला.

त्या दिवशी कप सगळ्यांनी मिळून विसळले.

*

शेवटचा किस्सा तळ्याचा. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही.

सर्जेरावच्या गावाच्या शिवेवर एक जुनं तळं आहे. आमच्या गाईडात ते शेजारच्या तालुक्यात दाखवलं होतं. कुणीतरी कधीतरी चुकवलं आणि पुढच्या सगळ्यांनी उतरवून घेतलं. उजळणीत तो प्रश्न आला की सर्जेराव हमखास भडकायचा.

"आरं, त्या तळ्यावर म्या मेंढरं पाजल्यात. आमच्या तालुक्यात हाय त्ये."

मी म्हणायचो, "आसंल. पन पेपर काढनारा तुज्या मेंढरामागं आला न्हवता. त्यो गाईड बघून काढनार. गाईडात आसंल त्येच दाबायचं."

दर वेळी त्याचं उत्तर मी चूक धरायचो आणि तो पुटपुटत कप विसळायला जायचा.

वनरक्षकच्या परीक्षेत तोच प्रश्न आला. पेपर मीही दिला होता, मी गाईडातलं उत्तर दाबलं आणि पुढे गेलो. आमच्या अभ्यासिकेत एक कडक नियम आहे. पेपर झाला की निकाल लागेपर्यंत त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. मागे एका मुलानं बरोबर-चूक मोजता मोजता जेवणच सोडलं होतं, तेव्हापासून नानांनी तो घातलाय. त्यामुळे सर्जेरावनं काय दाबलं, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

पहिली उत्तरतालिका आली. तळ्याच्या प्रश्नाला गाईडातलंच उत्तर बरोबर धरलं होतं.

मी ती तालिका तीनदा उघडून बघितली. माझ्यासाठी नव्हे, माझा पेपर तर तसाही बिघडलाच होता. मला सर्जेराव दिसत होता. मी कितीही ओरडलो असलो तरी स्वतःच्या तळ्याबद्दल हा माणूस खोटं दाबणार नाही, याची मला खात्री होती. ह्या एका मार्कानं त्याची खाकी जाणार, वय जाणार, सगळं जाणार. आणि हरकत घ्यायला तो स्वतः घाबरणार. सरकारशी भांडण नको, असं त्याच्या घरात तीन पिढ्या चालत आलंय.

म्हणून हरकत मीच घेतली, माझ्या लॉगिनवरून. पुरावा म्हणून छापील सरकारी पुस्तक लागतं. इस्लामपूरला जाऊन भाच्याच्या दप्तरातून तिसरीचं जिल्ह्याच्या भूगोलाचं पुस्तक काढलं. त्यात नकाशावर तळं होतं, अगदी जागच्या जागी. पानाचा फोटो जोडला, फी भरली, सबमिट केलं. भाच्याच्या नावाचं लेबल लावलेलं ते पुस्तक अभ्यासिकेत माझ्या गाईडांखाली सरकवलं. हरकत मान्य झाली तर माझा स्वतःचा एक मार्क कमी होणार होता. त्याचं मला काही वाटलं नाही, उलट जरा बरंच वाटलं. मी हे नानांना सांगितलं नाही, मेघाला नाही, घरीसुद्धा नाही. तीन आठवडे नुसता धास्तीत होतो.

हरकत मान्य झाली. अंतिम उत्तरतालिकेत तळं सर्जेरावच्या तालुक्यात आलं.

मग निकाल लागला. सकाळचे दहा वाजले होते. सर्जेराव एका मार्कानं बाहेर राहिला.

मला त्याची उत्तरपत्रिका उघडून बघायचं धाडस होत नव्हतं. ती मेघानंच उघडली. तळ्याच्या प्रश्नावर ती थांबली आणि म्हणाली, "सर्जेराव, तुम्ही हे दाबलंत? गाईडातलं?"

"दाबलं की," सर्जेराव म्हणाला. "बोट खऱ्यावर गेल्तं. मग मास्तर आठीवला. म्हनलं, ह्या टायमाला तरी त्येचं ऐकावं. पयल्या तालिकेत बरोबर बी आल्तं."

"आणि मग कुणीतरी हरकत घेतली," मेघा म्हणाली.

"घेतली कुनीतरी."

नाना उठून बाहेर गेले. सांगावं, आत्ताच्या आत्ता सांगावं, असं वाटत होतं आणि मी उठून कप विसळायला लागलो. एवढा मी कुठल्याच परीक्षेत घाबरलो नव्हतो.

सर्जेरावनं त्याच दुपारी सामान बांधलं. पुस्तकं मेघाला दिली, चादरी पिशवीत कोंबल्या. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. आटपाडीची गाडी लागलेलीच होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आता रं?"

"आता काय. बा हाय, मेंढरं हायती." तो पायरीवर चढला. "आन तळं बी हाय. सरकारनंच कबूल केलंय, आमच्याच तालुक्यात हाय म्हनून. बाला सांगतो त्ये. त्येला लय बरं वाटंल."

कंडक्टरनं बेल मारली. सर्जेरावनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

"आन मास्तर," तो म्हणाला, "भाच्याचं पुस्तक त्येला परत दिलंस का न्हाई?"